तिसऱ्या मजल्यावरची हवा

फोंड्याजवळ ढवळीच्या चढावर
पत्र्याच्या ऑफिसात एसी चालू होता
आणि काचेच्या पेटीत आमची इमारत:
बोटभर झाडं, नखाएवढ्या गाड्या,
गच्चीवर एक प्लास्टिकची बाई, तोंड नसलेली.
ब्रागांझा मॅडम म्हणाल्या,
तिसऱ्यावर पूर्वेचा एकच उरलाय,
काल एक दुबईवाले बघून गेले.
ते दुबईवाले खरेच होते का,
हे मी अजून विचारलेलं नाही.
त्यांच्या धास्तीनं चेकबुक काढलं.

दोन लाख.
कुंडईच्या कारखान्यात अकरा वर्षं
खोकल्याच्या बाटल्यांना झाकणं बसवणाऱ्या मशीनसमोर
उभं राहून साठलेले,
आणि वर थोडे दर्शनीचे,
पतसंस्थेतले, मुदतीआधी मोडलेले.
पेन मात्र मॅडमचं.

पावतीच्या पाठीवर बारीक अक्षरं होती.
दर्शनीनं चष्मा काढला, कागद नाकाशी नेला.
कर्ज मंजूर न झाल्यास...
पुढचं वाक्य तिनं वाचलं, मीही वाचलं,
आणि स्कूटरवर घरी येईपर्यंत
आम्ही फक्त टाइल्सच्या रंगाबद्दल बोललो.
मॅडमनी दिलेला पेढा मी तिथंच खाल्ला.
तिनं रुमालात बांधून आणला.

बँकेत कळलं की मी दोन आहे.

जन्मदाखल्यावर माझं नाव एक्सवरून सुरू होतं.
पोर्तुगीज जाऊन वीस वर्षं झालेली,
कारकुनाचा हात तेवढा गेला नव्हता.
शाळेत मास्तरांनी एक्स खोडून एसएच केला,
आडनावातल्या सीचा के झाला,
आणि पगार त्या दुसऱ्याला मिळू लागला.
शाबा म्हणून हाक मारली
की दोघेही ओ देतात.
बँकेत हाक मारून चालत नाही.
साहेब म्हणाले, यातला कमावतो कोण
आणि कर्ज हवंय कुणाला?
थट्टा नव्हती. त्यांनी खरंच पेनाचं टोपण काढलं होतं.

कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात
नोटरीनं टाइप करवून घेतलं:
वरील दोन्ही व्यक्ती एकच असून
मी शपथेवर सांगतो की...
सही करताना हात थांबला.
कुणाची करू?

कारण खरं सांगायचं तर एक नाहीच आहोत आम्ही.
पैसे भरून आला तो कधीच राहायला गेलाय.
फ्रिज कुठं, सायकल कुठं, त्याला पाठ आहे;
शेजारी कोण येणार याचीही त्याला काळजी.
दुसरा रात्री दोनला उठतो,
मोबाइलच्या उजेडात हप्ता काढतो,
वीस वर्षं टाकतो, मग पंचवीस,
मग स्वतःचं वय मिळवून बघतो
आणि मोबाइल पालथा ठेवतो.

रविवारी साइटवर गेलो.
जांभ्यात खणलेले खड्डे, तळाशी तांबडं पाणी,
गंजत चाललेल्या सळया.
जिथं आमचं पार्किंग येणार
तिथं एक कामगार बाई चुलीवर भात रांधत होती.
तिनं आम्हाला विचारलं, कोण पाहिजे?
उत्तर सुचेना.
दर्शनी मान वर करून बोट दाखवत राहिली:
तिथं देव, तिथं कपडे वाळत,
नाही, थोडं इकडे, तिथं ऊन येईल.
एक घार आली,
आमच्या हॉलमधून सरळ स्वयंपाकघरात गेली
आणि मडगावच्या बाजूनं निघून गेली.
दर्शनी हसली. मी पावती चाचपली.

काल बँकेचा मेसेज आला:
आपला अर्ज विचाराधीन आहे.
एक्सवाल्याच्या नावानं आलाय.
एसएचवाला ड्यूटीवर होता, हातमोजे घातलेले,
झाकणं येत होती, बसत होती, पुढं जात होती.

पेढा फ्रिजमध्ये आहे, अंड्यांच्या कप्प्यात.
मंजुरी आली की खाईन म्हणते.
बावीस दिवस झाले.
दूध घेताना मी तिकडं बघत नाही.