जागा धरून ठेवणे

मरोळच्या ऑफिसात माझ्या टेबलाला एक खण आहे,
खणात अकरा फोन.
पाठीवर पांढरी चिकटपट्टी, तिच्यावर बॉलपेनने
ज्याची त्याची रुंदी:
तीनशे वीस, तीनशे साठ, चारशे बारा.
एकाची बॅटरी फुगलीय. तरी टाकवत नाही.
त्यातला ब्राउझर कंपनीनं कधीच सोडून दिला
आणि कुर्ल्यात कुणीतरी अजून त्याच्यावरच बातम्या वाचतं.

काम सांगायला सोपं.
बातमीला जागा द्यायची, जाहिरातीला जागा द्यायची
आणि दोघींत भांडण लागू द्यायचं नाही.
तसं जाहिरातीचं ठाऊकच आहे,
ओसरी दिली की पाय पसरते,
आधी आवाज न करता, मग आवाज करून,
आणि बंद करायची फुली
तांदळातल्या खड्याएवढी.

तीनशे बाय अडीचशे, मी फोनवर कुणाला तरी सांगत होते.
आईनं ऐकलं. फूट का गं?
नाही, पिक्सेल.
तिनं हिशेब सोडून दिला, मला सुटला नाही.
आमची खोली दहा बाय बारा.
तिच्यात पाच माणसं, शिलाईचं मशीन
आणि भिंतीला टेकवलेली खाट,
रात्री आडवी, सकाळी उभी,
पाहुणे आले की गॅलरीत.
याला आता रिस्पॉन्सिव्ह म्हणतात
आणि पगार देतात.

मोठ्या स्क्रीनवर तीन रकाने ऐसपैस बसतात.
टॅबलेटवर दोन, जरा अंग चोरून.
फोनवर मात्र सगळे एकाखाली एक,
नळावर लावलेल्या कळशांसारखे,
आणि मध्येच घुसणारी एक, तिला ओळखत सगळेच असतात.

गुरुवारी कॅन्टीनच्या हौसाबाई
पदराला हात पुसत टेबलाशी आल्या.
पोरी, हे पान तूच केलंस ना?
पाणीकपातीची बातमी. खाली विभागवार वेळा.
त्यांनी भांडुपवर बोट नेलं
आणि तेवढ्यात वरून जाहिरात उतरली,
उशिरा, पण थाटात.
सगळी यादी एक वीतभर खाली ढकलली गेली
आणि बोट पडलं बत्तिसाव्या मजल्यावरच्या
निळ्याशार तलावात.
मागे आल्या, पुन्हा बोट, पुन्हा तलाव.

तीनदा विचारलं, पाणी कधी येणार, त्या म्हणाल्या,
तिन्ही वेळा त्यांनी मला पोहायला बोलावलं.

मी हसले. मग हसू आलं नाही.

दुरुस्ती एका ओळीची होती.
कमीत कमी उंची, अडीचशे.
म्हणजे जाहिरात येवो, न येवो, उशिरा येवो,
तिचा चौकोन आधीच राखलेला.
जाहिरात विभागाचे दस्तूर चश्मा कपाळावर चढवून बघत राहिले.
ही राखाडी पेटी कसली?
रिकामी जागा? मुंबईत?
मी म्हटलं, सर, पाहुण्याचा पाट आधी मांडायचा,
म्हणजे तो आल्यावर
जेवणाऱ्याला ताटावरून उठावं लागत नाही.
ते काही बोलले नाहीत.
खर्च नाही ना, एवढंच विचारलं.

मग रात्री साडेनऊपर्यंत एकेक फोन.
नव्यांवर नीट. आयफोनवर नीट,
आडवा धरला तरी नीट.
फुगलेल्या फोनवर पेटी अर्धी कडेबाहेर,
सामान लादलेल्या हातगाडीसारखी.
त्याच्यासाठी वेगळ्या चार ओळी लिहिल्या,
कुणी विचारलं तर सांगता येणार नाही
की चार ओळी नक्की किती माणसांसाठी.

शुक्रवारी चहाच्या वेळी हौसाबाईंचा फोन मी माझ्या हातात घेतला.
नेट रडत होतं. जाहिरात आलीच नाही.
यादी जागची हलली नाही.
भांडुप, डोंगराकडचा भाग, पहाटे साडेचार ते सहा.
त्यांनी ते दोनदा पुटपुटून पाठ केलं.
मग त्या राखाडी चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या,
आणि इथं गं काय येणारे?

काही नाही. जागा धरून ठेवलीय.

कप गोळा करता करता
त्या पुन्हा एकदा वाकून बघत राहिल्या.
एवढ्यात माझी दोन पिंपं बसली असती, म्हणाल्या.