मंजूर भार

सुरुवात एका डब्यापासून झाली.
पोळ्यांच्या डब्याएवढा, टीव्हीच्या मागे,
आठ वॅट खायचा.
स्वप्नाला मी तसंच सांगितलं होतं:
दिव्यापेक्षा कमी.

मग इतवारीच्या भंगारात, हमजाभाईकडे,
बुडालेल्या एका पतपेढीचे दोन सर्व्हर दिसले.
अकरा हजार, दोन्ही मिळून.
ऑटोवाल्याने विचारलं, "फ्रिज हाय काय भाऊ?"
मी हो म्हणालो.
अजनीच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या,
मी त्या पत्र्यावरून हात फिरवत बसलो,
नवरदेवाच्या घोड्याच्या मानेवरून फिरवावा तसा.

स्वस्त वस्तू घरात येते ती उपाशी येते.
तिला रॅक लागला, रॅकला जाड वायर,
वायरला वेगळा एमसीबी, मग यूपीएस,
यूपीएसच्या पोटात चार बॅटऱ्या.
पोहेकर बॅटरीवाला म्हणाला,
"गॅरंटी दोन वर्षांची हाय साहेब,
फक्त त्यात मे महिना मोजू नका."

रात्री अडीचला पंखे एकदम चढत.
"हे काहून असं ओरडून राहिलं?"
"बॅकअप चालू आहे."
"कशाचा?"
याचं उत्तर मी आधी मनात शोधलं, मग सर्व्हरवर.
अर्ध्याहून जास्त जागा
सर्व्हर कसा चालला आहे
याच्या नोंदींनी भरली होती.

एप्रिलअखेर त्या खोलीला कूलर लावला.
ही चूक लिहून ठेवतो:
कूलरची हवा गार असते, पण ओली.
वाळ्याचा वास मदरबोर्डला कळत नाही.
तीन आठवड्यांत पिनांवर पांढरट हिरवं साचलं,
तांब्याच्या गडव्याला आतून साचतं तसं.

आणि डिस्क. चारही एकाच खोक्यातल्या,
एकाच दिवशी घेतलेल्या, सवलतीत.
मंगळवारी एक गेली.
तिची जागा भरून काढता काढता
गुरुवारी दुसरी गेली.
उरलेल्या दोघी ठणठणीत होत्या,
पण दोघींना मिळून
एक वाक्यही पुरं आठवेना.
मृण्मयी पहिल्यांदा चालली तो व्हिडिओ
सापडला शेवटी स्वप्नाच्या जुन्या फोनमध्ये,
काच फुटलेली, रबरबँड लावून
शिवणाच्या डब्यात ठेवलेला.

म्हणून एसी. दीड टन, अठरा हप्ते.

महावितरणच्या बिलावर एक रकाना असतो,
मी तो आजवर वाचला नव्हता: मंजूर भार.
आपला तीन किलोवॅट.
त्याखाली युनिटांचे खांब, महिन्यागणिक,
शेवटचा खांब चौकटीबाहेर जायला बघतो.
लाइनमन गजबे मीटरपाशी थांबला, म्हणाला,
"घरात कारखाना टाकला काय जी?"

मृण्मयीला सहावीत इंग्रजीचे शब्द पाठ करायचे होते.
"बाबा, सर्व्हर म्हणजे वाढणारा ना?"
हो, म्हणालो.
वाढतोच आहे.

सेहेचाळीस अंश झाले त्या रात्री
हॉलमध्ये त्या दोघी, कूलरसमोर,
टाकीतलं पाणीसुद्धा कढत.
आतल्या खोलीत तेवीस अंश, माणूस कुणी नाही.
साडेबाराला दार ढकलून स्वप्ना आली,
काखेत गादी, मागे डोळे चोळत मृण्मयी.
"बंद कर म्हणत नाही मी," ती म्हणाली, "सरक."
रॅक आणि भिंतीच्या मधे
तिघांपुरती जागा निघाली,
पाय खुर्चीखाली घालून.

अंधारात हिरवे ठिपके मिचमिचत होते.
मी उठलो, वरचा सर्व्हर बंद केला.
पंखे एकेक पायरी उतरले.
मृण्मयी झोपेत कुशीवर वळली.

खालचा चालू ठेवलाय.
हमजाभाईचा निरोप आहे,
एका विमा कंपनीचं सामान येतंय शनिवारी.
बघायला काही पैसे पडत नाहीत.