तिसऱ्या मजल्यावरच्या पाट्या

पाटीला दोनच स्क्रू असतात.
बावीस वर्षांत हात बसलाय माझा:
आधी वरचा सैल करायचा, खालचा बोटाने धरून,
नाहीतर नाव एकदम खाली येतं
आणि सगळा कॉरिडॉर दारातून डोकावतो.

आज हृस्का सरांची पाटी.
डेल्बर्ट हृस्का, दंडशास्त्र, खोली ३१४.
मागे भिंतीचा जुना रंग निघाला, फिकट पिस्ता,
या विभागाला 'पोलीस विज्ञान' म्हणत तेव्हाचा.
नंतर आम्ही 'फौजदारी न्याय' झालो,
एक जुलैपासून 'न्याय आणि सुरक्षा विश्लेषण'.
दर नावाला नवे लिफाफे येतात.
जुने संपेपर्यंत वापरा, असा नियम आहे,
आणि जुने कधीच संपत नाहीत.

निरोपाच्या केकवर नावातला शेवटचा ट
बेकरीवाल्याने खाल्ला होता.
डीनबाई सात मिनिटं बोलल्या:
'पुनर्रचना' चारदा, 'संधी' सहादा,
'तुरुंग' एकदाही नाही.
मी मोजत होते. मला पगारच मोजायचा मिळतो:
क्रेडिट, खुर्च्या, तक्रारी.
हृस्का सरांनी फक्त विचारलं,
पार्किंगचा पास परत करायचा, की काचेवर राहू दे?

एकतीस वर्षं दर गुरुवारी
ते विद्यापीठाची व्हॅन घेऊन निघायचे,
चाळीस मैल, दोन्ही बाजूंना मका,
मार्चमध्ये प्लॅट नदीवर क्रौंचांचे थवे.
बाहेरचे पंधरा, आतले पंधरा,
एकाआड एक खुर्ची,
आणि मधे एकच प्रश्न, जो ते फळ्यावर लिहीत नसत
कारण तिथे फळा नव्हता.

समितीत पाच विरुद्ध तीन.
गुरुवारचा वर्ग 'तूर्त स्थगित'.
त्याच्या जागी गुन्हे-डेटा विश्लेषण, पूर्ण ऑनलाइन,
पहिल्याच दिवशी दोनशे बारा नावं.
दोनशे बारा म्हणजे आमचा पगार.
हे मलाही कळतं. मी काही भाबडी नाही.

नव्या बाई आल्या टूसॉनहून, रेनाटा क्विस्पे.
टेबलावर दोन पडदे, खिडकीत एक निवडुंग.
वाईट नाहीत. माझं नाव पहिल्याच दिवशी
बरोबर उच्चारलं त्यांनी: मार्लिस.
सरांच्या खालच्या खणात त्यांना
कॉफीचा डबा सापडला, गोल्फच्या मैदानावरच्या
बोटभर पेन्सिलींनी भरलेला.
त्यांनी विचारलं, हे काय?
मी म्हटलं, आत लांब पेन्सिल चालत नाही.
धातूची टोपी, मागचा रबर, काहीच नाही.
त्यांनी एक पेन्सिल उचलली,
अंगठ्याने टोक तपासलं,
डबा फेकला नाही. फेकायला सांगितलंही नाही.

मग सप्टेंबरच्या दुसऱ्या सोमवारी
हे पत्र. ओळी आखलेला कागद,
बोटभर पेन्सिलीचं दाटीवाटीचं अक्षर,
पाठवणार वर्नेल टिब्स, पुढे सहा आकडी नंबर.

"हृस्का सर, माझे दोन पेपर झाले,
तिसरा राहिलाय, चुलत्याच्या कुऱ्हाडीवरचा.
गुरुवारी आम्ही खुर्च्या मांडल्या. तीस.
परवाच्या गुरुवारीही मांडल्या.
इकडे कोणी काही सांगत नाही.
रस्त्यात पाणी आलंय का?"

माझ्या टेबलावर तीन ट्रे आहेत:
आलेले, डीनकडे, फाइल.
मी पत्र तिन्हींत ठेवून पाहिलं.
क्विस्पेबाईंच्या दारापर्यंत गेले,
आतून पडद्यांचा निळा उजेड येत होता,
त्या कोणाला तरी आलेख समजावत होत्या,
आलेख वरच जात होता.
परत आले.

हृस्का सरांना फोन लावला. उचलला नाही.
मासे धरायला गेले असतील,
किंवा गुरुवार नसला की त्यांना
फोन ऐकूच येत नसेल.

जुना लिफाफा काढला, पिस्त्याच्या काळातला.
कागद लावला. वर तारीख.

प्रिय श्री. टिब्स,
रस्ता कोरडा आहे.

पुढची ओळ
अजून येत नाहीये.