दोनशे चाळीस

दरवर्षी फेब्रुवारीत केर्नगॉर्मचं पठार ओलांडायचं,
हा नेम बाबांचा.
ते गेले, नेम राहिला.
यंदा टॉर्किल नको म्हणाला नाही, मीही नाही.
तसं म्हणायला एकमेकांशी बोलावं लागलं असतं.

घर विकायचं की ठेवायचं
एवढ्यावरून चौदा महिने अबोला.
काल रात्री बॉथीत एकच मेणबत्ती,
एकाच स्टोव्हवर ओटची पेज.
त्याने मीठ घातलं, मी साखर मागितली नाही.
छपराचा पत्रा रात्रभर वाजत होता,
निदान कुणीतरी बोलत होतं.

सकाळी स्कीच्या तळांना कातडी चिकटवली,
केसांचा कल मागे, म्हणजे चढावर पाय घसरत नाही.
हेदर संपलं, कुंपणाचा शेवटचा खांब संपला,
आणि अकराशे मीटरवर
जग पुसलं गेलं.

अंधार काळाच असतो असं कुणी सांगितलं?
इथला दुधासारखा.
वर पांढरं, खाली पांढरं, शिवण कुठेच नाही.
उभी आहे की घसरते आहे
हे पायांना विचारावं लागतं,
आणि पायही छातीठोक सांगत नाहीत.

मी पुढे, तो मागे, मध्ये दोरी.
त्याच्या हातात होकायंत्र : दोनशे चाळीस अंश.
माझ्या तोंडी पावलं.
बर्फाचा गोळा वळते, पुढे फेकते,
तो पडतो, करडा ठिपका उमटतो,
म्हणजे तिथे जमीन आहे.
ठिपक्यापर्यंत जाते. पुन्हा वळते, फेकते.
जीव मुठीत धरणं म्हणतात ते हेच असावं,
फक्त दर दहा पावलांनी
मूठ उघडायची.

"एकशे वीस," मी.
"थोडं डावीकडे," तो.
"एकशे ऐंशी."
"बरोबर."
चौदा महिन्यांतलं आमचं सगळ्यात लांब संभाषण.

कुठूनतरी टार्मिगन कुरकुरला,
तेल न घातलेल्या बिजागरीसारखा.
दिसला नाही. पांढऱ्यात पांढरा पक्षी,
त्याचं बरं आहे.

तीनशे चाळीसला फेकलेला गोळा
पडलाच नाही.

ठिपका नाही. आवाज नाही.
अजून दोनशे पावलं पठार असायला हवं होतं.
मी दुसरा फेकला, जरा हळू,
बंद दारावर दुसऱ्यांदा टकटक करावी तसा.
तोही गेला.

"उना."
हा आकडा नव्हता.
"मागे ये. वळू नकोस. तशीच मागे ये."
स्कीवर मागे येणं म्हणजे
लिहिलेलं एकेक अक्षर खोडत येणं.
दोरी तो हातहात गोळा करत होता,
विहिरीतून भरली बादली काढावी
तितक्या जपून.
छज्ज्याच्या कडेपासून मी एक स्कीभर अलीकडे होते.
बर्फाचा छज्जा, आणि त्याखाली
सहाशे फूट काहीच नाही.

बसलो. त्याने होकायंत्र तळहातावर धरलं,
छातीशी नेलं : सुई सरकली.
लांब नेलं : परतली.
छातीच्या खिशात फोन होता.
वकिलाचा निरोप येईल म्हणून,
थंडीने बॅटरी मरू नये म्हणून
उबेत ठेवलेला.
सकाळपासून आमचं घर
सुईला ओढत होतं
कड्याकडे.

तो हसला नाही. मीही नाही.
त्याने फोन बंद केला, माझ्या पाठपिशवीत
पार तळाशी, ओल्या मोज्यांखाली कोंबला.
मी ओटकेक मोडला.
मोठा तुकडा कुणाला गेला ते दोघांनीही पाहिलं.

आपल्याच खुणांवरून मागे गेलो, मग नव्याने.
आता होकायंत्र माझ्याकडे, तो पुढे.
गोळे त्याचे, मोजणी त्याची.
एकशे साठनंतर त्याने पुन्हा एकशे पन्नास म्हटलं.
सुईवरची नजर न काढता मी म्हणाले, "सत्तर."
"सत्तर," तो म्हणाला.

घराचं काय ते खाली गेल्यावर.
खाली कुठे आहे
ते अजून दिसत नव्हतं.