दहा पुरतात

स्कूटरच्या पायाशी शीतपेटी ठेवून निघते
तेव्हा नवायार्डच्या नाक्यावरचा चहावाला
विचारतो, बेन, आज कुठली कुल्फी?
मी म्हणते, केसर.
आत सतरा डब्या, आट्यांच्या झाकणाच्या,
झाकणालाच जोडलेला चमचा,
आणि प्रत्येक चमच्यावर कुणाच्या तरी लेकराची सकाळ.

शिगेला. नाव मुलीचं वाटतं.
रमीलाबेननं विचारलंही होतं, कोण ही, परदेशी?
मी म्हटलं, आतड्याच्या अस्तरात घुसते. आव, रक्त, ताप.
पटकीचे जंतू लाखांनी पोटात जावे लागतात,
हिचे दहा पुरतात.
दहा?
पीठ मळता मळता थांबून
तिनं बोटं पाहिली स्वतःची,
दोन्ही हातांची,
आणि उठून साबण शोधू लागली.

गोत्रीच्या प्रयोगशाळेत
मॅकॉन्कीच्या गुलाबी जेलीवर
दुसऱ्या दिवशी उगवतात ठिपके. रंग नसलेले तेवढे आमचे.
घरी, दांडिया बाजारात, आईनं दंडक घातलाय:
आमटी वाढेपर्यंत जेलीचं नाव काढायचं नाही.

चारशे एकोणीस म्हणजे केवल, रमीलाबेनचा, दोन वर्षांचा.
कागदावर फक्त आकडा.
त्याला टोचणाऱ्या विलासिनीलाही ठाऊक नाही
कुठल्या कुपीत आमची लस, कुठल्या कुपीत काविळीची.
मला तर नाहीच.
यादी कुठल्याशा संगणकात कुलूपबंद.
श्रावणात त्याला रक्त पडायला लागलं,
सयाजीच्या बालविभागात पाच दिवस.
टोचली होती ना, बेन?
टोचली होती. पण कुठली, ते मला माहीत नाही.
मग येतेस कशाला?
मी पेटीचं झाकण उगाच दाबून बसवलं.

मार्चमध्ये कुलूप उघडलं.
खमणच्या बश्या फिरल्या, कुणी फारसं खाल्लं नाही.
चव्वेचाळीस टक्के, फणसळकर म्हणाले, आणि चष्मा पुसत राहिले.
माणूस आजारी पडायला दहा पुरतात,
लस चालते म्हणायला दहा हजार कमी पडतात.
मी हळूच यादीत बोट फिरवलं.
चारशे एकोणीस: आमचीच.

शरीराला ओळख करून दिली होती एकीची,
आली तिची चुलतबहीण.
चेहरामोहरा सारखा, अंगरखा निराळा,
रक्तातल्या पहारेकऱ्यानं वाट सोडली.
हे रमीलाबेनला सांगायला शीतपेटीशिवाय गेले.
चहावाला म्हणाला, आज दुकान बंद?

तिनं सगळं ऐकलं. केवल दारात
झाकणांच्या गाड्या करून खेळत होता.
तर आता चुलतबहिणीची पण बनवणार?
दोघींची एकत्र, मी म्हटलं. वेळ लागेल.
किती?
मी बोटं मोजायला घेतली नाहीत.

तिनं झोळीतून धाकटी उचलली, सहा महिन्यांची,
पेंगुळलेली, गालावर गोधडीचा वळ.
हिचं लिही नवीनमध्ये.
फक्त चारशे वीस नंबर नको हं, बेन,
पुढचा तोच येतोय.

नवी यादी एकपासून सुरू होते,
आणि तिच्यात पहिली दोन वर्षं
लहान मुलं नसतातच,
हे तेव्हा मी तिला सांगितलं नाही.