वर्षानंतरचा फॉर्म

वाशीच्या हॉस्पिटलात, तिसऱ्या मजल्यावर
आबा सांगतात, मी फॉर्म भरते.

वेदना किती? शून्य ते दहा.
"गोण्यांत विचार," म्हणतात.
तीस वर्षं कांदा-बटाटा मार्केटात
पाठीनंच मोजलं त्यांनी सगळं.
"आधी पन्नास किलोची होती, चोवीस तास.
आता पिशवीभर. पाच-सहा किलो."
मी लिहिते एक. मग खोडून दोन.

मोजे स्वतः घालता का?
मोजे कधी घातलेच नाहीत.

किती वजन उचलता?
आबा खिडकीबाहेर बघतात.
मी पुढचा प्रश्न घेते.

कमरेत चार स्क्रू, दोन सळ्या,
दोन मणक्यांचा आता एकच झालाय.
डॉक्टर फोटो दाखवत म्हणाले होते, छान जुळलंय,
एखाद्या स्थळाबद्दल बोलावं तसं.
तेव्हापासून आबा वाकत नाहीत.
खाली पडलेला कांदा उचलायचा
तर गुडघे टेकून
अख्खे खाली जातात.

पुन्हा हेच ऑपरेशन कराल का?
बराच वेळ गप्प.
"तुझ्या आईला विचार."
आई एक्स-रेची पिशवी सारखी करत म्हणते,
"रात्री भिंत धरून उभे राहत नाहीत आता.
मला झोप लागते."
त्याला फॉर्मवर चौकोन नाही.
मी समासात लिहिते.

नाव पुकारतात, हिंदुराव रांजणे.
आबा उठतात, ओळंब्यासारखे सरळ,
चालू लागतात.
उजवी चप्पल बाकाखालीच राहिली.
त्या पायाला अजून कळत नाही.
ती हातात घेऊन
मी मागोमाग.