हिरवट

मोतीबिंदू निघाला, पिरोश्का, सेगेदच्या इस्पितळात.
उजवा डोळा. दुर्बिणीचा.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस वाकू नका, ओझं उचलू नका,
कांद्याच्या शेतात पाऊल टाकू नका.
माको गावात राहून!
हसलो, तर डोळा चुरचुरला.

दुर्बीण आहे तिथेच, शेडमध्ये, कोंबड्यांच्या दाण्याशेजारी.
नळीला गंज चढलाय. आरसा ठीक.
आठवतं, तो आपण एका हिवाळ्यात घासला,
बसडेपोच्या मागच्या खोलीत,
तेलाच्या पिंपाभोवती फिरत फिरत,
काचेवर काच, मध्ये ओली रेती,
आणि टायरवाली पोरं दारातून बघायची:
बघा, औषधवाल्या बाईंनी देझोला नाचायला लावलंय.

नियम तुझा. पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, तुझ्या गोल अक्षरात:
जे दिसलं ते लिहायचं.
दिसायला हवं ते नाही.
तक्ता आधी उघडायचा नाही,
दुसऱ्याचं पान आधी वाचायचं नाही.

२००५ च्या एप्रिलात कन्येतली ती जोडी
जवळ येत येत इतकी जवळ आली
की मी लिहिलं: एक.
तू लिहिलं होतंस: लांबट, जिऱ्याच्या दाण्यासारखा.
एक? तू विचारलंस.
एक, मी म्हणालो.
दोन आहेत हे मला ठाऊक होतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं,
पण दिसला एक.
तू काही बोलली नाहीस. थर्मासमधला चहा माझ्याकडे सरकवलास.
इतकी शाबासकी मला डेपोत तीस वर्षांत मिळाली नाही.

मग हंसाच्या चोचीतली जोडी.
सोपी, शाळेतल्या पोरांना दाखवायची.
मोठा सूर्यफुलाच्या मधासारखा, त्यावर वाद नव्हताच.
धाकटा: तू निळा, मी हिरवट.
पुढच्या उन्हाळ्यात निळा, हिरवट.
त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी म्हणालो
(हे मीच म्हणालो, लात्सकोच्या अंगणातला दिवा नेमका तेव्हाच लागला
आणि तुझा चेहरा मला दिसला):
पिरोश्का, तू तक्त्यातलं लिहितेस.

त्यानंतर तू आली नाहीस.
मग एगरला लेकीकडे गेलीस.

काल रात्री वाकायला परवानगी मिळाली.
आरसा तासभर थंड होऊ दिला. कुंपणापलीकडे
कांद्याच्या पातीचा वास, एक कुत्रं, बाकी काही नाही.
उजवा डोळा लावला.
निळा.
निळा म्हणजे, तुझ्या दुकानातल्या त्या जुन्या बाटल्या होत्या ना, तसा.

लगेच वही मागायला जाऊ नकोस.
डॉक्टरीणबाई म्हणतात, काही आठवडे सगळंच निळं दिसणार:
दूध निळं, बादली निळी, नखं निळी.
म्हणजे हाही डोळा साक्षीदार म्हणून कच्चाच.
डावा लावला. जुना, न कापलेला.
हिरवट.
उजवा: निळा. डावा: हिरवट.
म्हातारा माणूस रात्री एक वाजता
एक डोळा मिटतोय, दुसरा उघडतोय.

घरात येऊन वह्या काढल्या, अगदी तळापासून.
दुसरी वही, १९८७, ऑगस्ट, अक्षर माझं:
धाकटा निळा.
तिसरी: निळा. पाचवी: निळा.
सातवीत निळसर. नववीत पांढरट, आणि पुढे प्रश्नचिन्ह.
अकरावीपासून हिरवट, ठाम, खाली रेघ मारून.
तारा तिथेच होता. मी तसूतसूने पिवळा होत होतो
आणि मला वाटत होतं, मी बघतोय.

काहीही खोडलेलं नाही.
खोडायचं नसतं, तुझाच नियम.
कालच्या तारखेखाली फक्त लिहिलंय:
उजवा निळा, डावा हिरवट, हवा स्थिर, कुत्रं.

डाव्या डोळ्याची तारीख ऑक्टोबरच्या सहाव्या दिवशी आहे.
मला वाटतं, त्याआधी एकदा ये.
तो हिरवट तारा मग कुणालाच दिसायचा नाही.
स्टूल एकच राहिलंय, ते तू घे,
मला उभं राहता येतं अजून.